मांडवा ते तेरेखोल, एकट्याने सायकलवर: चौथ्या दिवसाचा हिशेब

नकाशावर कोकणचा सागरी रस्ता पाहिला की माणूस हमखास फसतो. उजव्या हाताला समुद्र, रस्ता त्याला चिकटलेला, म्हणजे सपाटच असणार. या भरवशावर रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर लिहून निघालेले लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुहागरला एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीपाशी उभे असतात.

कारण साधं आहे. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या लांबीने आखूड आणि अंगाने जोरकस. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं पठार, चिरत समुद्राला मिळतात आणि शेवटच्या टप्प्यात त्यांची खाडी होते. गाव, धक्का, देऊळ, नारळी-पोफळीची आगरं सगळं खाली पाण्याच्या कडेला. एका खाडीहून दुसऱ्या खाडीला जायचं तर मधला शंभर-दोनशे मीटर उंचीचा सडा चढून पलीकडे उतरावा लागतो. खंबाटकी एकदा चढला की मागे पडतो. इथे दिवसभरात सात-आठ अर्धे खंबाटकी येतात, आणि एकही नावाजलेला नसल्यामुळे त्यांची कोणी आधी कल्पना देत नाही.

जायचं उत्तरेकडून दक्षिणेकडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो फारसा जाणवत नाही. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो वायव्येकडून येतो. गोव्याकडे तोंड असेल तर तो पाठीला किंवा उजव्या खांद्याला लागतो. उलट दिशेने निघालं तर दमलेल्या दुपारी तोच छातीवर घ्यावा लागतो.

पहिला दिवस: मांडवा–अलिबाग–मुरूड, सुमारे ७० कि.मी.

भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीने मांडवा. २०२० मध्ये ही बोट सुरू झाल्यापासून भरलेली सायकल लाँचच्या पायऱ्यांवरून खांद्यावर उतरवायची कसरत टळली. शनिवार-रविवार मात्र टाळावा, कारण अलिबाग रस्ता त्या दिवशी मोटारींचा असतो. रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडून कोर्लईच्या पायथ्याने पुढे. काशीदच्या आधीचा चढ हा पहिला नमुना.

या दिवसाचं खरं काम सामानाची परीक्षा घेणं. कॅरिअरचे स्क्रू पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये हमखास सैल होतात. अलिबागला चहाला थांबल्यावर चारही स्क्रू अॅलन कीने पुन्हा आवळायचे. खालचा उजवा स्क्रू पडला तर कॅरिअर एका बाजूला झुकतं आणि बॅगेचा हूक स्पोकमध्ये जातो. याच आकाराचे दोन जादा स्क्रू बाटलीच्या स्टँडजवळच्या रिकाम्या आट्यांत बसवून ठेवले की हरवत नाहीत.

दुसरा दिवस: मुरूड–आगरदांडा–दिघी–श्रीवर्धन–हरिहरेश्वर, सुमारे ७० कि.मी.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग चढ, मग दिवेआगर. तिथून आरावी, शेखाडीवरून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता लाटांच्या अगदी कडेने जातो. नकाशा खरं बोलतो असा हा एकच सलग तुकडा. तो सकाळी घाईत उरकू नये. जोरात मारावं असं पुढे पुष्कळ आहे.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर–बागमांडला–वेसवी–केळशी–हर्णै–मुरूड, सुमारे ६० कि.मी.

सावित्रीच्या खाडीवर बागमांडला ते वेसवी फेरी. पुढे केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, आणि मुक्काम दुसऱ्या मुरूडला. पहिलं मुरूड जंजिऱ्याचं, हे दापोलीचं. खोली राखून ठेवताना दोघांची गल्लत होऊ शकते, म्हणून फोनवर तालुका सांगावा. हे महर्षी कर्व्यांचं गाव. १८७५ मध्ये ते परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडून चालत गेले, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. इथल्या चढांबद्दल कुरकुर करण्याआधी एवढं आठवावं.

अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे, कारण उद्याची तयारी याच संध्याकाळी व्हायला हवी. तीन दिवसांचा खारा वारा, बोटीवरचे तुषार आणि तांबडी धूळ मिळून चेनवर वाळूच्या कागदासारखा थर बसतो. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने चेन पुसायची, कोरडी करायची, आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं जादा तेल पुसून टाकायचं. तेल जास्त झालं की उद्याची सगळी धूळ चेनवरच. मग मागच्या चाकाचे स्पोक दोन-दोन बोटांत दाबून बघायचे. एखादा शेजाऱ्यापेक्षा ढिला लागला की समजावं, उद्या तुटणारा तो हाच. ब्रेक पॅडचं अस्तर एक मिलिमीटरच्या खाली आलं असेल तर आत्ताच बदलायचे, दाभोळच्या उतारावर नाही.

चौथा दिवस: मुरूड–दाभोळ–धोपावे–गुहागर–तवसाळ–जयगड–गणपतीपुळे, सुमारे १०५ कि.मी.

दोन खाड्या, दोन बोटी, आणि चढाईची बेरीज दीड हजार मीटरच्या पुढे. आकडा सिंहगड पायथ्यापासून दोन-तीनदा चढण्याच्या आसपास जातो, पण चढ तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकडा नेमका पाय थंड झाल्यावर. हा दिवस ताकदीपेक्षा घड्याळावर आणि सर्वांत हलक्या गिअरवर ठरतो.

आधी गिअर. चालवणारा ७० किलो, सायकल १४, सामान १२, एकूण ९६ किलो धरू. दहा टक्के चढावर मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवायचं. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या चकतीला २८ दात असतील तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या वर राहतो आणि त्याला सुमारे २६० वॅट लागतात. ३४ ला ३४ असेल तर साधारण २१५. पुढे २६ आणि मागे ३६ असेल तर वेग साडेपाचवर येतो आणि काम १५५ वॅटमध्ये भागतं. स्पर्धेत न उतरणारा पण रोज सायकल चालवणारा माणूस १५५ दिवसभरात अनेकदा काढू शकतो. २६० त्याला दोन चढ पुरतात, तिसऱ्याला तो उतरून ढकलतो. ढकलण्यात कमीपणा काही नाही, पण पायडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटचे बूट असतील तर जांभ्याच्या खडीवर पाय सटकतात आणि पोटऱ्या लवकर भरतात. थोडक्यात, नुसती रेसिंग सायकल घेऊन यायचं असेल तर सामान पाच किलोच्या आत हवं.

पावणेसहाला निघायचं. जानेवारीत उजाडायला सात वाजतात, म्हणून पुढचा दिवा चार्ज केलेला आणि मागचा लाल दिवा चालू. कर्द्यापर्यंत रस्ता बरा. तिथून लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी असा वर-खाली खेळ सुरू होतो. बुरोंडीचा परशुरामाचा पुतळा दिसला की थांबायचा मोह होतो. पाच मिनिटं थांबावं, पण नाश्ता इथे करू नये. पहिल्या दोन तासांत दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी एखादं केळं किंवा लाडू पोटात गेला पाहिजे, भूक लागो न लागो. भूक लागल्यावर खाल्लेलं अन्न पुढच्या चढाला उपयोगी पडत नाही, त्याच्या पुढच्याला पडतं.

दाभोळचा उतार वळणावळणाचा आणि शेवटी गल्लीत घुसणारा. ब्रेक सलग दाबून धरले की तापतात. रिम ब्रेक असतील तर रिम हाताला चटका देते आणि पॅच लावलेली ट्यूब तिथे सुटू शकते. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, आणि वजन मागे. गल्लीत शिरण्याआधीच वेग माणसाच्या चालीवर आणायचा, कारण पुढे मासळीच्या टोपल्या, कोंबड्या आणि शाळेची पोरं एकाच वेळी रस्त्यात असतात. धक्क्याचा उतरता भाग भरतीच्या पाण्याने ओला आणि शेवाळलेला असतो. तिथे सायकल हातात धरून चालायचं. या रस्त्यावर पडणारे बरेच जण घाटात पडत नाहीत, या शेवटच्या दहा मीटरवर पडतात.

दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीची खाडी, पंधरा-वीस मिनिटांचं पाणी. बोटीच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून घेतलेला बरा. मोबाइलची रेंज गेली की पैसे ऑनलाइन देता येत नाहीत, दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेवाव्यात. बोटीवर सायकल डाव्या अंगाने कठड्याला टेकवायची, गिअरची बाजू मोकळी. पुढच्या ब्रेकचा दांडा रबराने हँडलला आवळून बांधला की चाक फिरत नाही आणि सायकल घसरत नाही. हे केलं नाही तर काय होतं? शेजारची मोटार हलते, सायकल उजव्या अंगावर पडते, वरवर काहीच झालेलं दिसत नाही. पण मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, आत वाकलेला असतो. पलीकडे उतरल्यावर चढाला सर्वांत हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये अडकतो आणि हँगर, डिरेलर, दोन-चार स्पोक एका झटक्यात जातात. म्हणून पडलेली सायकल उचलल्यावर मागून डोळा लावून बघायचं: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं दातांच्या चकत्यांशी सरळ रेषेत आहेत का? नसतील तर सर्वांत मोठी चकती त्या दिवसापुरती विसरायची. जादा हँगर आपल्याच सायकलच्या मॉडेलचा लागतो. तो चिपळूणलाही मिळेल याची खात्री नाही आणि वजन जेमतेम वीस ग्रॅम, तेव्हा सोबतच ठेवावा.

बोट लागायच्या आधी आणखी एक काम, जे जवळपास सगळेच विसरतात. मागचं चाक उचलून, पायडल हाताने फिरवून सर्वांत हलका गिअर टाकून ठेवायचा. धोपाव्याला बोटीतून उतरलं की चढ लगेच सुरू होतो. जड गिअरमध्ये अडकलेला माणूस उभ्या चढावर जोर लावून गिअर बदलतो, आणि चेन तुटते ती अशाच वेळी. तुटलीच तर चेन टूलने खराब कडी काढून मागच्या चकत्यांच्या संख्येला जुळणारी क्विक लिंक, म्हणजे हाताने जोडता येणारी कडी, लावायची, पाच मिनिटांचं काम. चेन एक कडी आखूड झाली असल्यामुळे पुढे मोठं चक्र आणि मागे मोठी चकती अशी जोडी मात्र पुढे वापरू नये.

वर आलं की सडा. जांभा, वाळलेलं गवत, मधूनच काजूची कलमं, सावली नाही. इथलं पाणीवाटप लक्षात घेण्यासारखं आहे: पाणी खाली गावात, ऊन वर सड्यावर. शहरातून येणारे लोक चढ संपल्यावर पाणी घेऊ म्हणतात आणि वर दुकान नसतं. प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक पुलाजवळच्या टपरीवर बाटल्या काठोकाठ भरायच्या, वजन वाढलं तरी. या दिवसाला चार ते पाच लिटर धरावं. निव्वळ पाणी पीत राहिलं तर घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही आणि दुपारी मांड्यांत गोळे येतात. एका लिटरला ओआरएसची एक पुडी, दिवसभरात दोन-तीन. चव नको झाली तर कोकम आगळ. त्यात मीठ असतंच, साखर घालून पाण्यात ढवळलं की झालं. दुकानातलं गोड कोकम सरबत मिठाच्या चिमटीशिवाय उपयोगाचं नाही.

वीज प्रकल्पाच्या बाजूने गुहागरला साडेअकरापर्यंत पोचायचं. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं, कारण घरगुती खाणावळीत माणसं मोजून भात टाकतात. अकराला फोन करून 'मी एकटा आहे, चालेल का' विचारलं तर अर्ध्या वेळा नकार येतो. भात, आमटी, थोडी सोलकढी. तळलेले मासे रात्रीसाठी राखावेत. जेवून व्याडेश्वराच्या देवळाच्या आसपास किंवा कुठल्याशा ओटीवर तासभर आडवं व्हावं. ओले झालेले कपडे इथे बदलायचे. घाम वाळून मिठाचे खडे शॉर्ट्समध्ये राहिले की संध्याकाळपर्यंत मांड्या सोलवटतात, आणि ती जखम पुढचे तीन दिवस बसू देत नाही. धुऊन, कोरडं करून, व्हॅसलिनचा हात फिरवून दुसरी शॉर्ट्स.

आता निर्णय. गुहागर ते तवसाळ पस्तीस किलोमीटर, चढ-उतार धरून ताशी बारा म्हणजे तीन तास. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो. सव्वादोनला निघालं तर उजेडात तवसाळ. साडेतीन वाजून गेले असतील, डोकं ठणकत असेल, उन्हातही अंगावर काटा येत असेल किंवा लघवी गडद झाली असेल, तर गुहागरलाच राहायचं. एकट्याने जाणाऱ्याला हे सांगणारं सोबत कोणी नसतं, म्हणून वेळ आधी कागदावर लिहून ठेवावी. गुहागरला मुक्कामाच्या सोयी आहेत, चिपळूणचं रेल्वे स्टेशन आवाक्यात आहे. इथून पुढे मात्र तवसाळपर्यंत माघारीला सोयीचं असं काही नाही.

मोडकाआगर, पालशेत, हेदवी. वेळणेश्वर रस्त्यापासून खाली समुद्राकडे आहे. गेलं की तेवढंच परत वर यावं लागतं, त्यामुळे या दिवशी फाट्यावरूनच नमस्कार. हेदवीचा दशभुजा गणपती रस्त्याजवळ आहे, तिथे पाणी भरता येतं. यापुढचा तुकडा निर्मनुष्य. स्पोक तुटायचा तर तो इथेच तुटतो, कारण दिवसभराचे खड्डे आणि मागचं सगळं वजन. 'टिंग' असा आवाज, मग चाक ब्रेकला घासायला लागतं.

तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, चकत्यांच्या बाजूचा. तो बदलायला चकत्या काढाव्या लागतात, आणि त्याची हत्यारं सगळ्यांकडे नसतात. मग तात्पुरता मार्ग: तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळायचा, म्हणजे लटकणार नाही. मागची एक बॅग सोडून पुढच्या हँडलवर बांधायची. स्पोक कीने, चाक ज्या बाजूला ओढलं गेलंय त्या बाजूचे, तुटलेल्याच्या लगतचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, पूर्ण निघणार नाही, पण चाक फिरतं होतं. रिम ब्रेक असेल तर तो थोडा उघडा करायचा, आणि मग उतारावर पुढच्यावरच भिस्त, म्हणजे वेग निम्मा. धाग्याचा तात्पुरता स्पोक सोबत असेल तर चकत्या न काढता तो ओवता येतो. योग्य लांबीचे दोन-तीन स्पोक सीटखालच्या दांड्याला टेपने चिकटवून न्यावेत. डाव्या आणि उजव्या बाजूची लांबी वेगळी असते, ती दुकानातून मोजून घ्यावी. गावच्या सायकल दुकानात आऊट काढणारा हात उत्तम असतो, फक्त आपल्या मापाचा स्पोक आणि बारीक व्हॉल्व्हची ट्यूब तिथे नसते. व्हॉल्व्हचा छोटा अडॅप्टर जवळ असेल तर पंक्चरवाल्याच्या पंपानेही हवा भरता येते.

तवसाळचा उतार दाभोळच्या वरताण, आणि हात आता थकलेले. समोर शास्त्रीची खाडी, पलीकडे जयगड बंदराच्या क्रेन. बोटीत पुन्हा तेच: डावं अंग, रबर, हलका गिअर. जयगडला उतरलं की शेवटचा मोठा चढ, बहुधा संधिप्रकाशात. बंदराचे ट्रक निवळीकडे जातात, तेवढा भाग डांबराच्या कडेने, अंगात परावर्तक जाकीट घालून. मालगुंडचा रस्ता सुटा झाला की वर्दळ कमी होते आणि कुत्री वाढतात. ती धावून आली तर वेग वाढवायचा नाही. उतरायचं, सायकल मधे धरायची, चालत पुढे. दहा पावलांत त्यांचा रस संपतो.

केशवसुतांच्या मालगुंडाहून गणपतीपुळे अगदी जवळ. आठ वाजतात. आधी सायकल धुवायची, मग स्वतः.

पाचवा ते सातवा दिवस

पाचव्या दिवशी अंतर कमी ठेवावं. आरे-वारेचा किनारा, रत्नागिरी, भाट्याचा पूल, पावस, आणि मुक्काम पूर्णगडाच्या आसपास. रत्नागिरीत तुटलेल्या स्पोकचा बंदोबस्त होतो. पंचावन्न-साठच्या पुढे जाण्याचा हट्ट करू नये, कालच्या चढाचा खरा हिशेब पायांना आज कळतो. सहाव्या दिवशी आडिवरे, जैतापूर, विजयदुर्गाजवळून देवगड. चढ आहेत, पण बोटी नाहीत, त्यामुळे लय सापडते. सातव्या दिवशी लवकर निघून कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी. हा दिवस अंतराने लांब पडतो, मालवणला मोडला तरी चालेल.

रेडीहून तेरेखोलचा किल्ला म्हणजे खाडीच्या अलीकडे असलेला गोव्याचा तुकडा. तिथून फेरीने केरी. परतीला पेडणे किंवा थिवी स्टेशनवरून सायकल पार्सलमध्ये टाकायची असेल तर गाडीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी पोचावं, पायडल आतल्या बाजूला वळवून बसवावेत, आणि डिरेलर हँगरपासून सोडून चेनसकट फ्रेमला बांधावा. बोटीत दोनदा जपलेला हँगर मालडब्यात वाकायला नको.